शर्ली पॉपीचे मिश्र बियाणे : बी उत्तम, पाकीट अपुरे

इंदूरच्या छावणी भागात शेतीच्या आणि बागेच्या बियाण्यांची जी दुकाने आहेत, त्यांपैकी एका दुकानातून घेतलेल्या शर्ली पॉपीच्या मिश्र रंगांच्या पाकिटाविषयी हे परीक्षण आहे. सोबत तेथेच मिळालेल्या कॅलिफोर्निया पॉपीविषयी आणि रोपवाटिकेत तयार रोपे म्हणून विकल्या जाणाऱ्या आइसलँड पॉपीविषयीही थोडे लिहिले आहे. माझे मत आधीच सांगते. बी फार चांगले निघाले, उगवण भरपूर झाली आणि फेब्रुवारीत वाफा रंगांनी भरून गेला; परंतु पाकिटावरचा मजकूर इतका तोकडा आणि एका महत्त्वाच्या बाबतीत इतका चुकीचा आहे की, केवळ त्याच्यावर विसंबून पेरणी करणाऱ्या नवख्या माणसाची निराशा होण्याचीच शक्यता अधिक आहे.

पहिली उणीव नावाची. पाकिटाच्या दर्शनी बाजूला फुलांचे रंगीत चित्र आणि ‘पॉपी मिश्र’ एवढेच शब्द आहेत. ‘शर्ली’ हे नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आहे आणि शास्त्रीय नाव तर कोठेच नाही. झेंडू किंवा पेटुनियाच्या बाबतीत हे चालून जाईल, परंतु पॉपीच्या बाबतीत, आणि त्यातही माळव्यात, ते चालता कामा नये. आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर मंदसौर आणि नीमच जिल्ह्यांत अफूची शेती होते, ती केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या परवान्यानेच होते, आणि या ब्युरोचे मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरलाच आहे. अफूचे झाड म्हणजे ‘पापाव्हर सोम्निफेरम’. परदेशातील बियाण्यांच्या सूचिपत्रांत ज्या भरगच्च पाकळ्यांच्या ‘पिओनी पॉपी’ची मोहक चित्रे असतात, ती याच जातीची असते, आणि गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985 याखाली तिची विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे, मग ती घराच्या अंगणात शोभेसाठी का केलेली असेना. शर्ली पॉपी मात्र ‘पापाव्हर ऱ्हिआस’ या वेगळ्या जातीची असून ती अफूसाठी लावली जात नाही. विक्रेत्याने हा एक शब्द पाकिटावर छापला असता, तर ग्राहकाला निर्धास्त होता आले असते. तोवर आपणच पानांवरून खात्री करून घ्यावी. शर्लीची पाने खोल कातरलेली, हिरवी आणि केसाळ असतात, देठावरही ताठ केस असतात. अफूची पाने रुंद, गुळगुळीत, निळसर राखी झाक असलेली असतात आणि तळाशी खोडाला मिठी मारून बसतात. रोप वीतभर झाले की हा फरक सहज दिसतो.

जातीच्या शुद्धतेबद्दल मी अधिक बारकाईने पाहिले, कारण शर्ली पॉपीचे सारे मोल त्यातच आहे. इंग्लंडमधील शर्ली या गावचे धर्मगुरू विल्यम विल्क्स यांना 1880 च्या सुमारास रानातल्या लाल पॉपींमध्ये पाकळ्यांना पांढरी कड असलेले एक फूल दिसले. त्यांनी त्याचे बी राखले, वर्षानुवर्षे निवड करत गेले, आणि त्यातून पाकळीच्या बुडाशी असणारा काळा डाग नाहीसा झालेला, पांढऱ्यापासून गुलाबीपर्यंतच्या कोमल छटांचा हा वाण तयार झाला. म्हणून खऱ्या शर्लीची कसोटी सोपी आहे: फुलाच्या तळाशी काळा डाग नको, मध्यभाग फिकट हवा. या पाकिटातील बहुतेक झाडे या कसोटीला उतरली. फिकट गुलाबी, पांढऱ्या आणि पांढऱ्या कडेच्या तांबूस फुलांचे प्रमाण चांगले होते. थोडी झाडे मात्र गडद लाल आणि काळ्या डागाची, म्हणजे थेट रानवळणाची निघाली. ती दिसायला सुंदरच असतात, परंतु पुढे बी धरायचे असेल तर ती फुलताच उपटून टाकावीत.

आता त्या चुकीच्या सूचनेविषयी. ‘ट्रेमध्ये रोपे तयार करून महिन्याने वाफ्यात लावावीत,’ असे पाकिटावर छापले आहे. झेंडूची ही रीत पॉपीला लावणे म्हणजे बी वाया घालवणे होय, कारण पॉपीचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि ते दुखावले की रोप बहुधा मान टाकते. हे बी जेथे फुलवायचे तेथेच पेरले पाहिजे. ते खसखशीहूनही किंचित बारीक असल्यामुळे त्यात कोरडी बारीक वाळू मिसळावी, म्हणजे हाताला अंदाज येतो आणि वाफ्यावर कोठे पडले तेही दिसते. उगवणीला उजेडाचा उपयोग होत असल्याने वरून माती लोटू नये. फळीने हलके दाबावे आणि अगदी बारीक धारेच्या झारीने किंवा फवाऱ्याने ओल टिकवावी. इंदुरात दसरा उलटल्यावर दिवसाची धग कमी झाली की पेरावे, आणि दिवाळीनंतर फार लांबवू नये. थंडीत पानांचा झुबका जितका चांगला भरतो तितकी फुले अधिक येतात, आणि मार्चमध्ये ऊन तापू लागताच हंगाम संपतो.

मातीबद्दल पाकीट अवाक्षर काढत नाही, आणि आपल्याकडे खरी अडचण तीच आहे. इंदूरची काळी कपाशीची माती पाणी धरून ठेवते. पॉपीला तर निचरा लागतो. वाफा चार-सहा बोटे उंच करून त्यात मुरूम आणि वाळू मिसळली की काम भागते. खताचा हात मात्र आखडता ठेवावा. ज्या शहरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात कंपोस्टची इंदूर पद्धत विकसित केली, तेथील बागकाम करणाऱ्यांना खत कमी घाला असे सांगणे जिवावर येते, परंतु नत्र जास्त झाले की पॉपीला पाने माजतात, देठ लुसलुशीत होऊन लोळतात आणि कळ्या उशिरा येतात. मुरलेले शेणखत पेरणीपूर्वी एकदा घातलेले पुरे.

विरळणी हा मन घट्ट करण्याचा भाग आहे. या बियाण्याची उगवण इतकी दाट झाली की ती टाळणे शक्यच नव्हते. दोन झाडांत निदान 20 ते 25 सेंटिमीटर अंतर राहील अशा बेताने नको असलेली रोपे कात्रीने मातीलगत कापावीत, म्हणजे शेजारच्या मुळांना धक्का लागत नाही.

फुलांविषयी तक्रारीला जागाच नाही. केसाळ देठावर खाली मान घालून असलेली कळी उमलण्याच्या सुमारास सरळ उभी राहते, तिची दोन्ही निदले, म्हणजे कळीला झाकणारी हिरवी बाहेरची दले, गळून पडतात, आणि पेटीतून काढलेल्या जुन्या महेश्वरी साडीसारख्या चुरगळलेल्या पाकळ्या पाहता पाहता ताणल्या जातात. एक फूल एक-दोन दिवसच टिकते, पण सुकलेली फुले रोज खुडली तर नवी येत राहतात. या फुलात मध नसतो, तरी परागासाठी मधमाश्या सकाळी सकाळीच येतात. त्यामुळे या वाफ्यावर कीटकनाशक फवारू नये.

कॅलिफोर्निया पॉपी पापाव्हर नव्हे, तर त्याच कुळातील ‘एशोल्झिया’ या निराळ्या प्रजातीची आहे. तिचे पाकीटही समाधानकारक होते. कुंडीत लावायचे असेल तर मी तिचीच शिफारस करीन: उंची कमी, पाने बारीक आणि निळसर, नारिंगी रंग लख्ख. संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी फुले मिटतात, हे लक्षात ठेवून ती भरपूर उन्हाच्या जागी लावावी. आइसलँड पॉपीच्या रोपांवर इंदुरात पैसे घालू नयेत. तिला दीर्घ गारवा लागतो, आणि आपल्याकडचा फेब्रुवारीअखेरचा उकाडा तिला झेपत नाही.

साठ रुपयांत मिळालेले शर्लीचे हे पाकीट लहान बागेच्या दोन-तीन वाफ्यांना पुरते. घेताना चाचणीची तारीख चालू वर्षाची आहे ना, एवढे पाहावे. पुढच्या वर्षासाठी बी धरायचे असल्यास मनाजोगत्या रंगांच्या झाडांवरची काही बोंडे खुडू नयेत. ती तपकिरी होऊन माथ्याच्या चकतीखालची छिद्रे उघडली की देठासह कापून कागदी पिशवीत उलटी धरावीत आणि झडलेले बी पावसाळ्याची ओल लागणार नाही अशा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. परपरागीभवनामुळे घरच्या बियाण्यात रंग जसेच्या तसे उतरत नाहीत. ज्यांना फिकट छटाच हव्या असतील त्यांनी दोन-तीन वर्षांनी नवे पाकीट घ्यावे.