पीकोरीची साइट: कामाची आहे, फक्त भाव विचारू नका

सासऱ्यांना स्टेंट टाकला, घरी सोडताना एका डॉक्टरांनी ॲस्पिरिन ३२५ मिलिग्रॅमची लिहून दिली आणि पुढच्या व्हिजिटला दुसरे म्हणाले ८१ची घ्या. झालं! दोन्ही बाटल्या ओट्यावर शेजारी शेजारी आणि रोज सकाळी बाबा विचारणार, "अगं, आज कुठली घेऊ?" तेव्हा शोधत शोधत पीकोरीच्या साइटवर पोचले.

पीकोरी (PCORI, पेशंट-सेंटर्ड आउटकम्स रिसर्च इन्स्टिट्यूट) ही इथली, म्हणजे अमेरिकेतली संस्था, २०१०च्या ओबामाकेअर या आरोग्यविम्याच्या कायद्यातून निघालेली. काम काय तर दोन उपचार समोरासमोर ठेवून कुठला कोणाला जास्त लागू पडतो ते बघायला रिसर्चला पैसे द्यायचे. साधं वाटतं ना, पण नवीन औषधाला मंजुरी बरेचदा नुसत्या खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी तुलना करून मिळते, आधीच्या औषधापेक्षा ते सरस आहे का हा प्रश्न तसाच राहतो.

आणि आमचाच प्रश्न त्यांनी घेतलेला! अडॅप्टेबल नावाची ट्रायल, १५,०७६ हार्ट पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे काहींना ८१ काहींना ३२५, निकाल २०२१ला. मृत्यू, हार्ट ॲटॅक, स्ट्रोक, मोठा रक्तस्राव, कशातच म्हणावा असा फरक नाही. पण ३२५वाल्यांतले जवळपास ४२ टक्के मधेच ८१वर गेले, तेव्हा निकाल जरा जपून वाचा. सारांश सोप्या इंग्लिशमध्ये आहे, स्पॅनिशमध्येही.

साइटला रेटिंग देताना एक स्टार कापला तो पैशांच्या मुद्द्यावर, आणि त्यात दोष साइटपेक्षा कायद्याचा. आयुष्याच्या एका वर्षामागे इतक्या डॉलरच्या वर खर्च गेला तर उपचार नको, अशी रेघ मारायला पीकोरीला कायद्यानेच बंदी आहे. २००९ला अशा रिसर्चसाठी ११० कोटी डॉलर मंजूर झाले तेव्हापासूनच सरकार म्हाताऱ्यांचे उपचार तोडणार म्हणून ओरड होती, त्याचाच हा परिणाम. खरंतर पैशाचाच मुद्दा मोठा. २०११ला दुसऱ्या एका सरकारी ट्रायलमध्ये डोळ्यात द्यायचं, डोसला साधारण २००० डॉलरचं ल्युसेंटिस हे इंजेक्शन आणि ५० डॉलरचं अव्हास्टिन वर्षभरानंतर नजरेच्या बाबतीत सारखंच निघालं, आता बोला!

आम्ही प्रिंटआउट घेऊन डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी ८१ कायम केली. ३२५ची बाटली अजून कपाटात आहे, बाबा टाकू देत नाहीत, पैसे मोजलेत म्हणतात.