उन्हाळ कांदा: सरसकट न्यावा की निवडून?

कांदा साठवलेली चाळ फोडायची वेळ आली की नाशिककडे घरोघरी हा प्रश्न निघतो. मी दोन्ही प्रकारे कांदा विकला आहे.

सरसकटची बाजू कमी नाही. ट्रॉली लगेच भरते, मजुरी वाचते, चढता भाव हातचा जात नाही. लाल कांद्याला तर निवडणीचा आग्रह मी धरणार नाही. तो टिकत नाही, काढला की विकायचा.

उन्हाळ कांद्यात गोळा माल, म्हणजे मोठा कांदा, वेगळा नेला तर भाव बरा मिळतो, पण गोल्टी, म्हणजे लहान कांदा, स्वस्तात जाते. वर निवडणाऱ्या बायांची मजुरी. नुसत्या पैशाचा हिशेब मांडला तर कधीकधी फारसा फरक उरत नाही, हे खरं आहे. बाजार पडलेला असताना मात्र तो मला जाणवला, कारण तेव्हा व्यापारी चोखंदळ होतो.

माझं मत फिरवलं ते वांध्याने, म्हणजे बोली लागल्यावर मालाच्या प्रतीवरून व्यापारी काढतो त्या तक्रारीने. शेतमालाची प्रत ठरवण्याचा अ‍ॅगमार्कचा कायदा १९३७ चा, पण लिलावात प्रत ठरते व्यापाऱ्याच्या नजरेने. वरचा माल आणि हात घालून काढलेले चार कांदे बघून बोली लागते. मग वजनकाटा, मग माल उतरवायला व्यापाऱ्याचं खळं. तिथे ट्रॉली ओतताना मधून जोडकांदा, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), काजळी म्हणजे काळी बुरशी धरलेला कांदा निघाला की वांधा पडतो. अर्धा माल जमिनीवर, ट्रॅक्टरवाल्याला पुढच्या खेपेची घाई. अशा वेळी बाजार समितीच्या माणसाची वाट बघत थांबायचं की कमी भावाला हो म्हणायचं? खराब कांदा थोडासाच असतो, पण भाव तुटतो तो सगळ्या वजनावर. चांगल्या कांद्याने हा भुर्दंड का सोसावा, हे मला कधीच पटलं नाही. निवडून न्यायला लागल्यापासून वांधा क्वचितच पडतो.

निवडायचंच असेल तर पहिला हात चाळ भरतानाच फिरवावा. जाड मानेचे, डेंगळे, जोड आणि चिंगळी, म्हणजे अगदी बारीक कांदा, तेव्हाच बाहेर काढावी. बारीक कांदा मोठ्यांच्या फटीत बसतो, हवा कोंडते आणि सड लागते. विकताना मग आम्ही ४५ मिलिमीटरच्या आतला गोल्टीत टाकतो. यंत्राने हे काम झटपट होतं, पण ते आकार बघतं, सड बघत नाही.

माल थोडा असेल आणि दोन खेपा परवडत नसतील, तर गोल्टी गोळ्यातच राहू द्या. जोड, डेंगळे आणि सडका तेवढा घरीच काढून ठेवा.