रिंगा गेल्या म्हणून 6,800 रुपये घेतले, बिघाड निघाला डाव्या कॉइलमध्ये

माझ्याजवळ 2009 सालची पल्सर 150 आहे, डबल प्लगवाली, म्हणजे ठिणगी पाडणारे दोन प्लग आणि त्यांना करंट देणाऱ्या दोन कॉइल असलेली. आमच्या दारव्हा तालुक्यात अशा गाड्या अजून घरोघरी आहेत आणि त्या हौसेसाठी नाहीत, पोटासाठी आहेत. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून यवतमाळच्या गुजरीत (भाजीबाजारात) पहाटे माल पोचवायचा तर एसटी कामाची नाही, गाडीच पाहिजे. मी वांगे, पालक, सांबार (कोथिंबीर) लावतो. आठवड्यातून तीन दिवस पहाटे चार-साडेचारला मागे कट्टा (पोतं) बांधून निघतो. त्या गाडीच्या नावावर मला 7,950 रुपयांना फसवलं. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

दिवाळीनंतर धुई (धुकं) पडायला लागली तेव्हा त्रास सुरू झाला. पहाटे गाडी चालू व्हायची, पण ओढ नाही. लोहाऱ्याच्या अलीकडच्या चढावर चौथ्या गिअरमधून दुसऱ्यावर यावं लागायचं. मध्येच सायलेन्सरमधून फट्ट असा आवाज, मागे पेट्रोलचा वास. अ‍ॅव्हरेज पन्नासचं अडतीसवर आलं. आणि दुपारी माल विकून परत येताना तीच गाडी बऱ्यापैकी चालायची. पहाटे खराब आणि उन्हात बरी, यातच सगळं उत्तर होतं. ते मला तेव्हा कळलं नाही, आणि ज्याला कळायला पाहिजे होतं त्यानं सांगितलं नाही.

रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. नाव लिहीत नाही. गॅरेज चांगलं चालणारं, दारात दहा-बारा गाड्या उभ्या. त्यानं गाडी चालू केली, दोनदा रेस दिली, कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "भाऊ, रिंगा गेल्या ना गाडीच्या. बोअर कराच लागते. आता नाही केलं तं रस्त्यात जाम होईन, मंग हेड बी जाते." सोळा-सतरा वर्षांची गाडी, इंजिन थकलंच असेल असं मलाही वाटलं. पिस्टन, रिंगा (पिस्टनवरच्या कड्या), बोअर (सिलिंडर आतून घासणं), गॅसकेट, मजुरी धरून 6,800 रुपये सांगितले. सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते, त्यातून दिले.

तेव्हा मी त्याला दोनच गोष्टी विचारायला हव्या होत्या. रिंगा गेलेली गाडी निळा धूर सोडते आणि ऑइल खाते. माझ्या गाडीला धूर नव्हता, ऑइलची पातळी महिनाभर जागच्या जागी होती. किकवर पाय ठेवला की दाब चांगला लागायचा. मग रिंगा गेल्या कशावरून? हे मी बोललोच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी न्यायला गेलो. उन्हात गाडी छान चालली. मी जुना पिस्टन मागितला. जुना पार्ट मागून घ्यावा, हे मला माहीत होतं. त्यानं लगेच फडक्यात गुंडाळलेला काळाकुट्ट पिस्टन काढून दिला, रिंगांसकट. माझी खात्री पटली. तिसऱ्या दिवशी पहाटे धुईत निघालो तर गाडी चढावर पुन्हा तशीच, फट्ट फट्ट.

परत गेलो. आता त्यानं सूर बदलला. "इंजिन तं टकाटक केलं भाऊ, आता हे करंटचं काम आहे. डावी कॉइल वीक झाली." हे ऐकून मला उलट बरं वाटलं, कारण पल्सरला दोन प्लग आणि दोन कॉइल असतात हे खरं आहे, आणि त्यानं नेमकी डावी सांगितली. "कंपनीची टाकून देतो" म्हणाला. कॉइल आणि मजुरी मिळून 1,150 रुपये. मला म्हणाला चहा पिऊन या. पाऊण तासानं आलो तर टाकी बसवलेली, सीट लावलेली. जुनी कॉइल मागितली तर म्हणाला भंगारात गेली. पावती मागितली तर, "घरचेच माणसं तुमी, पावती कायची?"

चार दिवस ऊन चांगलं पडलं, गाडी चालली. पाचव्या दिवशी धुई आली आणि लोहाऱ्याजवळ गाडी बंदच पडली. मागे दोन कट्टे वांगे. उजाडलं तोवर गुजरीतला लिलाव झाला होता. तो माल मी किरकोळीत निम्म्या भावानं विकला.

माझा भाचा यवतमाळला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिकतो. रविवारी तो घरी आला. त्यानं जे केलं ते इथं नीट लिहितो, कारण ते कुणालाही करता येतं.

आधी त्यानं गाडी थंड असताना चालू करून मंद ठेवली. मग गाडी बंद करून डाव्या प्लगची कॅप काढली, त्या कॅपमध्ये एक जादा प्लग खोचला आणि त्या प्लगचं लोखंड इंजिनला घट्ट टेकेल असं तारेनं बांधलं. कॅप नुसती मोकळी सोडून गाडी चालवायची नाही, करंटला वाट मिळाली नाही तर कॉइल आणि सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा डबा) दोन्हीला धोका असतो, असं त्यानं बजावलं. पुन्हा चालू केली. गाडी होती तशीच चालत राहिली, आवाजात काही फरक नाही. मग तसंच उजव्या बाजूला केलं. गाडी दोन गचके देऊन बंद. "मामा, पाहा तुमीच. ही गाडी उजव्या प्लगवरच चालून राहिली. डावा नुसता बसला आहे." डावा प्लग काढला तर ओला आणि काजळलेला, उजवा विटकरी रंगाचा, कोरडा. प्लग तर दोन्ही नवे टाकले होते.

डबल प्लगच्या गाडीची खोड इथंच आहे. एका प्लगच्या गाडीची कॉइल गेली तर गाडी उभी राहते, माणूस कॉइलच पाहतो. दोन प्लगच्या गाडीची एक कॉइल गेली तरी गाडी चालते, फक्त ओढ कमी होते, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि ही दोन्ही लक्षणं थकलेल्या इंजिनासारखी दिसतात. ज्याला इंजिनाचं बिल लावायचं आहे त्याला याच्यापेक्षा सोयीची गाडी नाही.

मग त्यानं सीट काढली, पेट्रोल बंद करून टाकी उतरवून दूर ओसरीत ठेवली. करंटचं काम करताना पेट्रोल जवळ ठेवायचं नाही. मोबाइलमध्ये वायरींचा फोटो काढून घेतला आणि दोन्ही कॉइल एकमेकींच्या जागी लावल्या. कार्बोरेटरमध्ये राहिलेल्या पेट्रोलवर गाडी एखादा मिनिट चालते, तेवढा वेळ पुरतो. पुन्हा तोच प्रयोग. आता उजवा प्लग मेला आणि डावा जिवंत. म्हणजे सीडीआय बरोबर, वायरिंग बरोबर, प्लग बरोबर. बिघाड कॉइलसोबत इकडून तिकडे गेला. एक रुपया खर्च न करता वीस मिनिटांत निदान झालं.

त्यानं मीटरही लावला. कॉइलच्या जाड वायरीच्या बाजूनं काही हजार ओहम येतात, ते दोन्ही कॉइलचे जवळजवळ सारखे आले. मी म्हटलं, मग कॉइल चांगलीच आहे की. तो म्हणाला, मीटर आतली तार तुटली का तेवढं सांगतो, करंट बाहेर गळतो का ते सांगत नाही. म्हणून कुणी मीटर दाखवून "कॉइल पास आहे" म्हणालं तर तिथं थांबू नका, अदलाबदल करून पाहा.

संध्याकाळी अंधार पडल्यावर अंगणातला बल्ब बंद करून गाडी चालू केली आणि त्या जाड वायरीवर पाण्याचा बारीक फवारा मारला. कॅपच्या वर वीतभर अंतरावर निळी ठिणगी वायरीतून बाहेर पडून इंजिनाच्या पंखीवर टिकटिक उडत होती. धुईत वायर ओली झाली की हेच होत होतं. हात लावायचा नाही, हजारो व्होल्टचा तो करंट आहे. गाडी बंद करून टॉर्च लावला. त्या जागी नवी काळी टेप गुंडाळलेली होती. टेप सोडली आणि माझ्या पोटात कालवलं.

टेपखाली उंदराच्या दातांच्या खुणा होत्या, एकापुढे एक चार. या खुणा मला पाठ होत्या. दोन वर्षांपूर्वी भाव वाढेल म्हणून कापूस घरातच साठवला होता, गाडी त्याच खोलीत लावायचो, तेव्हा उंदरानं ही वायर कुरतडली होती. मी स्वतः तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि पुढं विसरून गेलो. म्हणजे "कंपनीची नवी" म्हणून 1,150 रुपयांना जी विकली ती माझीच जुनी कॉइल होती. ट्यूबची पट्टी काढून टेप लावली होती, अंगाला बुटाचं पॉलिश चोळलं होतं. अंगठा फिरवला तर अंगठा काळा झाला आणि खालून भुरकं झालेलं प्लॅस्टिक निघालं. स्टिकर नवा चिकटवलेला, पण त्याच्या कडेखाली जुनी धूळ तशीच. आणि कॉइल ज्या बोल्टवर बसते ते छिद्र गंजलेलं. नवीन कॉइलचं छिद्र कधी गंजलेलं असत नाही.

भाच्याला पिस्टनही दाखवला. त्यानं कंपासपेटीतली पट्टी लावली आणि गप्प बसला. माझ्या गाडीचा पिस्टन 58 मिलिमीटरचा असतो. तो 50 चा होता, स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाडीचा. जुना पार्ट मी मागितला, मिळालाही, पण तो माझ्या गाडीचा नव्हता. मग आम्ही सायलेन्सरकडे पाहिलं. पिस्टन काढायचा तर हेड काढावं लागतं, आणि हेड काढायचं तर सायलेन्सरचे हेडजवळचे दोन नट खोलावेच लागतात. ते दोन्ही नट गंजानं एकजीव झालेले, वर पावसाळ्यातला वाळलेला चिखल. त्यांना पाना लागलाच नव्हता. इंजिन उघडलंच नव्हतं. त्यानं प्लग बदलले, मंद वेग थोडा वाढवला आणि 6,800 रुपये घेतले.

वायर कॅपच्या जवळ एक-दोन इंचांत खराब असती तर तेवढी कापून कॅप पुन्हा फिरवून बसवता आली असती. वीतभर कापली तर ती प्लगपर्यंत पोचत नाही, आणि या कॉइलमधून वायर वेगळी निघत नाही. म्हणून कॉइलच घेतली. यवतमाळला अधिकृत स्पेअरच्या दुकानातून, छापील किंमत पाहून, पावती घेऊन, 470 रुपयांत. भाच्यानं बसवली, जिथं ती फ्रेमला टेकते ती जागा पॉलिश पेपरनं घासून घेतली. दुसऱ्या पहाटे धुई होती. तो चढ मी चौथ्या गिअरमध्ये चढलो.

कॉइल आणि पिस्टन पिशवीत घालून मी गॅरेजवर गेलो. चार माणसं उभी होती. दातांच्या खुणा दाखवल्या. तो म्हणाला, "ही मी टाकलेली कॉइलच नाही. पावती आहे का तुमच्याजवळ?" माझ्याजवळ पावती नव्हती, फोनवरून दिलेले पैसेही नव्हते, सगळं नगदी. पावती असती तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता आली असती. पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला तिथं फी लागत नाही, आणि 1915 या नंबरवर फोन करून आधी विचारताही येतं. नगदी देताना मला हे कुणी सांगितलं असतं तर मी फोनवरून पैसे टाकले असते, निदान तेवढी खूण राहिली असती.

तुमची गाडी ओढत नसेल तर गॅरेजात नेण्याआधी दोन्ही बाजूंचा प्रयोग घरी करून घ्या. काम टाकायचंच असेल तर सायलेन्सरच्या नटांचा आणि कॉइलचा फोटो काढून ठेवा, कॉइलच्या आतल्या बाजूला खिळ्यानं बारीक खूण करा, आणि काम होईपर्यंत तिथंच बसा. चहा प्यायला जाऊ नका. पिस्टन हातात दिला तर पट्टी लावून पाहा.

ती कॉइल मी फेकली नाही. ओसरीच्या खुंटीवर टांगली आहे, दातांच्या खुणा वर दिसतील अशी. आजूबाजूच्या गावात कुणाच्या डबल प्लगच्या गाडीला इंजिनाचं काम सांगितलं असेल तर रविवारी सकाळी घेऊन या. भाचा घरी असतो, जादा प्लग आणि तार आमच्याकडे आहे.