ते बाळसं नव्हतं, सूज होती

परवा माझ्या मामेबहिणीने मला वजन वाढवायच्या पुडीची एक जाहिरात पाठवली. खाली लिहिलं होतं, "ताई, हे घेऊन बघू का गं?" डब्याचा रंग वेगळा होता, नावही वेगळं. पण डावीकडे गालफडं बसलेली मुलगी आणि उजवीकडे तीच मुलगी भरल्या अंगाची, ही फोटोंची जोडी मी लगेच ओळखली. दीड वर्षापूर्वी याच दोन फोटोंना मी भुलले होते. तिला तिथल्या तिथे फोन लावला आणि सगळं सांगितलं. असा मेसेज आणखी कितीजणींच्या मोबाइलवर आला असेल, हे रात्री डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसले.

मी सत्तावीस वर्षांची आहे, कराडला एका पतसंस्थेत काम करते. उंची पाच फूट दोन इंच आणि वजन, तेव्हाचं, ४० किलो. लहानपणापासून अशीच. वडीलही तसेच, चुलतेही तसेच. आजारपण काही नाही, पण अंगावर मूठभर मांस चढत नाही. पाप्याचं पितर, काडी, वाऱ्यानं उडशील, हे ऐकत मोठी झाले. त्याचं फारसं वाटायचं नाही. पण स्थळं बघायला सुरुवात झाली आणि दोन घरांतून एकच निरोप आला: मुलगी चांगली आहे, पण अंगात काही नाही. दुसऱ्या वेळी आईचा चेहरा बघितला आणि मला राहवलं नाही.

त्याच आठवड्यात ती जाहिरात समोर आली. नंबरवर मेसेज टाकल्यावर दहा मिनिटांत एका बाईचा फोन. फार गोड बोलत होती, मला "बाळा" म्हणत होती. जिभेचा फोटो मागवला आणि सांगितलं, तुझी वातप्रकृती आहे, खाल्लेलं अंगी लागत नाही. माझ्या मनातलंच वाक्य होतं ते. अश्वगंधा, शतावरी, विदारीकंद अशी नावं घेतली. शंभर टक्के आयुर्वेदिक, अपाय शून्य, महिन्यात पाच किलो. किंमत २,४९९ रुपये, पैसे डबा हातात आल्यावर. पैसे आधी मागत नाहीत म्हणजे खात्रीचं असणार, असं मला वाटलं.

डबा पांढऱ्या प्लॅस्टिकचा, हिरव्या झाकणाचा. आत पिवळसर पूड आणि वेलचीचा घमघमाट. रोज सकाळ-रात्र दोन चमचे दुधातून. पहिला घोट गोड लागायचा आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडवटपणा रेंगाळायचा. मेथी घातली असेल, असं म्हणून मी तो सोडून दिला.

चार दिवसांत भूक खवळली. मी, जी दीड पोळीवर ताट सारायची, ती चार पोळ्या खाऊन वर भात मागायला लागले. झोपही प्रचंड. दुपारी नोटा मोजताना डोळे मिटायचे. महिनाभरात काटा ४४ वर गेला. गाल वर आले. आईने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. ऑफिसातल्या सगळ्याजणी म्हणायला लागल्या, "काय गं, बाळसं धरलंस!" आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द माझ्या वाट्याला आला होता. मी आणखी दोन डबे मागवले, कारण त्या बाईने सांगितलं होतं की तीन महिन्यांचा कोर्स पुरा केला नाही तर वजन उतरतं.

दुसरा डबा संपता संपता पाठीवर आणि हनुवटीवर पुरळ आलं. पाळी दोन महिने आली नाही. पोटावर जांभळट रेघा उमटल्या, कुठे जरा धक्का लागला तरी काळंनिळं व्हायला लागलं. फोटो काढून त्या बाईला पाठवले. तिचं उत्तर, "बाळा, शरीरातली घाण बाहेर पडते आहे, चांगलं लक्षण आहे." तेवढ्याने मी गप्प बसले. आता वाटतं, पाळी चुकलेली कळल्यावर तरी डॉक्टरांकडे जायला हवं होतं. गेले नाही, कारण काटा पुढे सरकत होता. ४९ किलो.

हे पहिल्यांदा ओळखलं ते माझ्या आजीने. नागपंचमीच्या आदल्या दिवशी कासारीण घरी आली होती. माझा हात हातात घेऊन तिने नेहमीच्या मापाच्या, दोन-चारच्या, हिरव्या बांगड्या काढल्या. आई म्हणाली, "आता मोठं माप लागेल, नऊ किलो वाढलीय." कासारणीने बांगडी सरकवली तर ती सरळ आत गेली आणि हात वर केल्यावर पूर्वीसारखीच कोपरापर्यंत घसरली. आजी बघत होती. तिने माझा दंड चाचपला, पोटरी चाचपली, मग गालावर बोट ठेवलं. "तोंड आणि पोट तेवढं वाढलंय. हातपाय आधीपेक्षा वाळलेत. बाळसं असं नसतं गं बाई, ही सूज आहे."

खरंच होतं ते. ब्लाउजचे हुक लागत नव्हते आणि बाह्या सैल होत होत्या. जिना चढताना मांड्या भरून यायच्या. जमिनीवरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागायचा. वजन वाढतं आहे म्हणून ताकदही येत असेल, असं धरून मी चालले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी पूड बंद केली. एकदम. आणि हेच सगळ्यात धोक्याचं होतं. कुणाच्या घरात असा डबा चालू असेल तर एवढा भाग तरी नीट वाचा.

तिसऱ्या दिवशी मळमळायला लागलं. चौथ्या दिवशी अंग इतकं गळून गेलं की केस विंचरायला हात उचलेना. पाचव्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर उभी होते, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कोसळले. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब ८०/५० होता. डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?" मी नाही म्हणाले. खोटं नव्हते बोलत. तो डबा माझ्या लेखी औषध नव्हताच, दुधात घालायची पूड होती. पण ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वजन वाढायला काही घेत होता का?" वडिलांनी सांगितलं. "घरी जाऊन डबा घेऊन या," ते म्हणाले, आणि लगेच सलाइनमधून इंजेक्शन सुरू केलं.

पुढे मिरजेला हॉर्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर मूत्रपिंडाचं चित्र काढलं आणि त्याच्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी. ही ग्रंथी कॉर्टिसोल नावाचं हॉर्मोन बनवते. आजार, उपास, ताण, अशा वेळी रक्तदाब आणि साखर तेच सांभाळतं. बाहेरून रोज स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखंच काम करणारं औषध, मिळायला लागलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवतं. मग बाहेरचं अचानक बंद झालं की दोन्हीकडून हात रिकामे. सकाळी आठ वाजता रक्त घेऊन कॉर्टिसोल तपासतात, त्या वेळी ते सगळ्यात जास्त असायला हवं. माझं १ च्याही खाली आलं. चेहरा, पोट, जांभळ्या रेघा, अशी सगळी लक्षणं जास्त कॉर्टिसोलची आणि रक्तात मात्र ते जवळजवळ नाही. याचा अर्थ बाहेरून काहीतरी पोटात गेलं आहे, असं त्यांनी सांगितलं.

अशा पुडींमध्ये बहुतेक वेळा दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, असं त्यांच्याकडून कळलं. एक डेक्सामेथासोन, हे स्टेरॉइड. दुसरी सायप्रोहेप्टाडिन, ही मुळात अॅलर्जीची गोळी. तिने भूक वाढते आणि गुंगीही येते. माझी भूक आणि झोप एकाच आठवड्यात वाढली होती, ती कशाने ते तेव्हा उलगडलं. दोन्ही औषधं स्वस्त आहेत, आणि योग्य जागी दोन्ही उपयोगाची आहेत. डेक्सामेथासोन तर कोविडमध्ये ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना दिलं जात होतं. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या दिवसांपुरतं. मी वेलचीच्या वासाखाली ते जवळजवळ तीन महिने प्यायले, किती प्यायले तेही मला माहीत नाही.

त्यानंतर दहा महिने हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे शरीरात कमी पडलेल्या कॉर्टिसोलच्याच, गोळ्या घेतल्या. सकाळी उठल्याबरोबर एक, दुपारी एक, आणि मात्रा हळूहळू कमी. ताप आला तर मात्रा वाढवायची, कधी चुकवायची नाही. पर्समध्ये एक चिठ्ठी असायची की ही मुलगी स्टेरॉइडवर आहे, बेशुद्ध सापडली तर हे इंजेक्शन द्या. सूज उतरली तसं वजन पुन्हा ४१ वर आलं. रेघा पुसट झाल्या आहेत, गेलेल्या नाहीत.

तर, घरात असा डबा असेल आणि तो महिनाभर किंवा जास्त चालू असेल तर मनानेच बंद करू नका आणि फेकूनही देऊ नका. डबा घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस घेतला ते खरं सांगा. उलट्या, चक्कर, कमालीचा थकवा यांतलं काही असेल तर दवाखाना उघडायची वाट बघू नका, थेट मोठ्या इस्पितळात जा.

त्या बाईला मी दवाखान्यातून मेसेज केला होता. तिने ३,९९९ रुपयांचं "शरीरशुद्धी किट" सुचवलं. रिपोर्टचा फोटो पाठवल्यावर नंबर ब्लॉक. पार्सलवरचा पत्ता परराज्यातला, तिथे त्या नावाचं काहीच नाही. माझे ७,४९७ रुपये गेले, दवाखान्याला त्याच्या चौपट लागले.

डब्यावरचं लेबल मी नीट वाचलं ते हॉस्पिटलच्या खाटेवर. आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच नंबर असावाच लागतो. माझ्या डब्यावर फक्त पानाफुलांचं चित्र आणि "एफएसएसएआय"च्या पुढे एक आकडा. तो परवाना खाद्यपदार्थांचा असतो, औषधाचा नव्हे, आणि त्यात १४ अंक असतात. मी बोट ठेवून मोजले. बारा होते. मे महिन्यात एवढं मोजलं असतं तर!

अन्न व औषध प्रशासनाच्या साताऱ्याच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० वर केली. विकत घेतलेलं औषध ग्राहकाला स्वतः फी भरून सरकारी तपासणीला देता येतं, १९४० च्या औषधांच्या कायद्यात तशी सोय आहे, हे मला फार उशिरा कळलं. तिसऱ्या डब्यात चार-पाच चमचे पूड उरली आहे. ती पिशवीत बांधून कपाटात ठेवली आहे, पार्सलचं वेष्टन आणि पावतीसकट. वेष्टन आणि मेसेज जपून ठेवा, तक्रार देताना तेच मागतात.

आता वजनाचं. मिरजेच्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे असं सगळं तपासलं. सगळं ठीक आलं. पहिल्यापासून बारीक असणं वेगळं आणि चांगलं असलेलं वजन उतरायला लागणं वेगळं, असं ते म्हणाले. दुसऱ्यात क्षय, थायरॉइड, मधुमेह असं काही दडलेलं असू शकतं, तिथे वेळ घालवू नये. माझ्या उंचीला निदान ४६ किलो हवेत.

आहारतज्ज्ञ बाईंनी मला आठवडाभर खाल्लेला घास न् घास लिहायला लावला. मी सगळ्यांना सांगत आले होते की मी भरपूर खाते पण अंगी लागत नाही. वही बघितली तर रोजच्या कॅलरी जेमतेम १,४०० भरत होत्या. सकाळचा चहा, अकराचा चहा, चारचा चहा, आणि प्रत्येक चहाने पुढची भूक मारलेली. मला फार वाईट वाटलं तेव्हा. ज्यासाठी साडेसात हजार रुपये घालवले आणि जिवावर बेतलं, त्याचं उत्तर माझ्याच ताटात होतं.

त्यांनी वेगळं काही आणायला सांगितलं नाही. रोज तीन-चारशे कॅलरी जास्त, बस. अकराच्या चहाऐवजी दोन केळी. रात्री म्हशीचं दूध ग्लासभर. पोळीला तूप, भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून, दोन्ही जेवणांत उसळ किंवा घट्ट वरण, रोज दोन अंडी. पर्समध्ये शेंगदाणे-गुळाचा लाडू, तो आई दर रविवारी करते. जेवायच्या आधी पोटभर पाणी नाही. आणि आठवड्यातून तीन दिवस व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. पहिल्या आठवड्यात हात न टेकता एकदासुद्धा उठता आलं नव्हतं. आता पंधरा वेळा उठते.

महिन्याला अर्धा किलो वाढतं, कधी तेवढंही नाही. दोनदा तापात उतरलं. आई मधूनमधून विचारते, "एवढंच?" काल काटा ४४ किलो ६०० ग्रॅमवर थांबला. आजीने विचारलं नाही. तिने माझा दंड चाचपला आणि लाडवाचा डबा पुढे सरकवला.