कॉलेज फुटबॉलपटूंपैकी विकिपीडियावर लेख कोणाचा? काही जोड्या समोरासमोर

आधी एक खुलासा. इथला फुटबॉल मेस्सीचा नाही. लांबट चेंडू, हेल्मेट आणि खांद्यावर पॅड घालून अमेरिकेत जो खेळतात, तो. त्यातही व्यावसायिक एनएफएल नाही, तर शनिवारी विद्यापीठांच्या संघांत रंगणारा. कॉलेजची पोरं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि मोजून चाळीस प्रेक्षक येतात. तिकडे मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एका वेळी लाखाहून जास्त माणसं बसतात.

घोळ इथूनच सुरू होतो. सर्वोच्च गटात आज 130 हून अधिक संघ आहेत आणि प्रत्येक संघात शंभरेक खेळाडू. म्हणजे एका हंगामात तेरा हजारांच्या आसपास नावं, आणि प्रत्येकाचं नाव कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्रात छापलेलं. त्यातून एनएफएलच्या वार्षिक निवडीत जागा मिळते अडीचशेच्या वर थोड्यांना. विश्वकोशात लेख कोणाचा करायचा? तुम्ही विकिपीडियावर लिहायला नुकतेच बसला असाल आणि हातात आवडत्या संघाची यादी असेल, तर हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात समोर येतो.

जुना नियम आणि आजचा

इंग्रजी विकिपीडियावर 2022 पर्यंत एक सोपी पळवाट होती. एनएफएलचा एक सामना खेळला, की खेळाडू उल्लेखनीय मानायचा. मैदानावर पाय ठेवला की लेख पक्का. 2022 च्या सुरुवातीला यावर लांबलचक चर्चा झाली आणि नुसत्या सहभागावर टेकलेले हे निकष काढून टाकले गेले. क्रीडाचरित्रात निदान एक संदर्भ तरी असा हवा, की ज्यात त्या माणसाबद्दल खरोखर काही लिहिलेलं आहे, अशी अट आली. आकडेवारीची कोष्टकं त्यात धरत नाहीत. शिवाय कोणी लेख हटवण्याच्या चर्चेत नेला, तर एका संदर्भावर निभाव लागणं कठीण. तिथे संघाशी संबंध नसलेल्या लोकांनी लिहिलेले, तपशिलातले निदान दोन-तीन मजकूर दाखवावे लागतात.

कॉलेजच्या खेळाडूंना राष्ट्रीय पुरस्कार, कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेम किंवा संघापलीकडे व्यक्ती म्हणून देशभर झालेलं वार्तांकन या गोष्टी मदतीला येतात. पण त्यांतून शक्यता कळते, हमी मिळत नाही. नवोदित इथेच अडखळतात. पुरस्कार सापडला की शोध संपला, असं त्यांना वाटतं. माझ्या मते पुरस्कार सापडला की शोध सुरू करायला हरकत नाही, एवढंच कळतं.

मला आजचा नियम जास्त पटतो, जाचक असला तरी. रणजीचा एकच सामना खेळलेल्या माणसाचं नाव धावफलकात कायमचं राहतं, पण तो कुठला, कसा खेळायचा, पुढे त्याचं काय झालं, याच्या दोन ओळी मिळत नाहीत. अशा लेखात लिहिणार काय? धावफलकच पुन्हा वाक्यात उतरवणार.

बर्वँगर आणि एका सामन्याचा एनएफएल खेळाडू

शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरला 1935 साली एक चषक मिळाला. पुढच्या वर्षी नावाजलेले प्रशिक्षक जॉन हाइझमन वारले आणि चषकाला त्यांचं नाव दिलं गेलं. कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मानाचा पुरस्कार आज तोच. 1936 साली एनएफएलने पहिल्यांदा खेळाडूंची निवड घेतली, तेव्हा सगळ्यात पहिलं नाव पुकारलं गेलं तेही बर्वँगरचंच. पण पैशांचं जमलं नाही आणि तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

त्याच्या शेजारी एनएफएलचा एक सामना खेळून घरी गेलेला कोणीही ठेवा. ‘किती सामने’ या एकाच मापाने मोजलं, तर बर्वँगर शून्यावर आणि दुसरा एकावर. बर्वँगरवर मात्र आजही पानं भरतील. मिशिगनकडून खेळणाऱ्या जेराल्ड फोर्डने, म्हणजे पुढच्या राष्ट्राध्यक्षाने, 1934 च्या सामन्यात त्याला अडवलं आणि डोळ्याखाली कायमची खूण कमावली. चषक बर्वँगरने मावशीकडे ठेवला आणि तिने तो दाराला टेकण म्हणून वापरला, असं सांगतात. त्याच्या विद्यापीठाने 1939 साली फुटबॉलच बंद केला. एका माणसाभोवती इतक्या गोष्टी लोकांनी लिहून ठेवल्या, तेव्हाच लेख उभा राहतो. दुसऱ्याबद्दल असं काही सापडलं तर त्याचाही लेख करा. सापडलं नाही, तर त्या एका सामन्याने काही बदलत नाही.

1974 आणि 1975 असा दोनदा हाइझमन जिंकलेला ओहायो स्टेटचा आर्ची ग्रिफिन, किंवा 1993 चा विजेता आणि नंतर बास्केटबॉलकडे वळून एनबीएत गेलेला चार्ली वॉर्ड, यांच्यावर वेळ घालवायचं कारण नाही. हाइझमन मिळालेल्या प्रत्येकावर ढीगभर लिहिलेलं असतं.

काही मिनिटं खेळलेले आणि चार वर्षं खेळलेला

ही माझी आवडती तुलना, कारण ‘जास्त खेळला तो जास्त पात्र’ ही समजूत तिच्यात पार कोलमडते.

एका बाजूला नोत्र दाम विद्यापीठाचा रूडी रूटिगर. अंगाने लहान, शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला, सरावात मार खाणारा. 1975 च्या नोव्हेंबरमध्ये जॉर्जिया टेकविरुद्ध शेवटच्या काही चालींपुरता मैदानात उतरला आणि क्वार्टरबॅकला (चाल सुरू करून चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) पाडलं. सहकाऱ्यांनी खांद्यावर उचलून बाहेर नेलं. त्याची कॉलेज कारकीर्द एवढीच. पण 1993 साली त्याच्यावर हॉलिवूडचा चित्रपट आला आणि तो घराघरात पोहोचला.

दुसरा केंटकी विद्यापीठाचा नेट नॉर्थिंग्टन. 30 सप्टेंबर 1967 रोजी तो मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाविरुद्ध उतरला आणि दक्षिणेतल्या एसईसी या बलाढ्य गटात खेळणारा पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू ठरला. खांदा दुखावल्यामुळे तोही काही मिनिटंच खेळला आणि त्याच हंगामात संघ सोडून गेला. त्याच्याबरोबर आलेला मित्र, खोलीतला सोबती ग्रेग पेज सरावात जायबंदी होऊन पंगू झाला होता. नॉर्थिंग्टनच्या सामन्याच्या आदल्याच दिवशी तो वारला. पेज मुख्य संघाकडून एकही सामना खेळला नाही. तरी 2016 साली केंटकीने नॉर्थिंग्टन, पेज आणि त्यांच्या मागून आलेल्या आणखी दोघांचे पुतळे उभारले.

आता तिसरा, नाव न घेतलेला: चार वर्षं प्रत्येक सामन्यात सुरुवातीपासून खेळलेला डावा गार्ड. चेंडूला हात लावायचा नाही, समोरच्याला ढकलत राहायचं, हे त्याचं काम. त्याने केलेल्या कामाचं श्रेय क्वार्टरबॅकला जातं, आणि बातमीही क्वार्टरबॅकचीच होते. रूडीपेक्षा हा हजार पट चांगला खेळाडू. तरी विश्वकोशात रूडी येतो आणि हा येत नाही.

अन्याय आहे? आहे. पण तो वर्तमानपत्रांनी केलेला आहे. विश्वकोशाने तो परस्पर दुरुस्त करायला जाऊ नये, कारण त्यासाठी लिहिणाऱ्याला स्वतःच्या मनाने कौतुक रचावं लागेल. गार्डसाठी एक वाट मात्र नक्की धुंडाळा: आतल्या फळीतल्या खेळाडूंसाठी 1946 पासून आउटलँड ट्रॉफी दिली जाते, शिवाय वर्षअखेरचे ऑल-अमेरिका संघ (देशभरातल्या सर्वोत्तम खेळाडूंची कागदावरची निवड) असतात. तिथे नाव सापडलं, तर त्याच्या गावच्या वर्तमानपत्रात लांब लेख मिळण्याची शक्यता बरीच असते. 2019 पासून तर नुसता मागे चेंडू फेकणाऱ्या लाँग स्नॅपरलाही स्वतंत्र पुरस्कार आहे. त्याचे सगळे विजेते लेखाला पात्र का? मी आधी वार्तांकन बघेन.

एका क्षणाने ओळखले गेलेले

1 जानेवारी 1929, पासाडेना, रोझ बोल हा नववर्षाचा मानाचा सामना. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रॉय रीगल्सने प्रतिस्पर्ध्याच्या हातून सुटलेला चेंडू उचलला, गिरकी घेतली आणि साठेक यार्ड धावत सुटला, पण स्वतःच्याच गोलरेषेकडे. बेनी लॉम या त्याच्याच सहकाऱ्याने मागून धावत त्याला गाठलं. पुढच्या चालीत लॉमची किक अडवली गेली, जॉर्जिया टेकला दोन गुण मिळाले आणि सामना 8–7 असा सुटला.

20 नोव्हेंबर 1982, बर्कली. पुन्हा कॅलिफोर्निया, समोर स्टॅनफर्ड. चार सेकंद उरले असताना कॅलिफोर्नियाच्या चार खेळाडूंनी पाच वेळा चेंडू मागे टाकत पळवला, तोवर सामना संपला असं समजून स्टॅनफर्डचा बँड मैदानात शिरला होता. केव्हिन मोएन त्या वाजंत्र्यांतूनच गोलरेषा ओलांडून गेला आणि ट्रॉम्बोनवाल्याला धडकला. 25–20.

रीगल्सचा लेख वेगळा हवा, यावर माझं दुमत नाही. उलट धावेनंतर तो दुसऱ्या डावात पुन्हा खेळला, पुढच्या वर्षी कर्णधार झाला, आणि त्यानंतर कित्येक दशकं लोक त्याच्याबद्दल लिहीत राहिले. 1982 ची चाल मात्र त्या चौघांपैकी एकाची नाही. तिथे लेख त्या चालीचा, आणि तसा तो आहेही. चौघांना वेगवेगळं पान द्यायचं, तर प्रत्येकाबद्दल त्या चार सेकंदांपलीकडे काय लिहिलंय ते पाहावं लागेल.

याच खात्यात आणखी एक माणूस येतो: अखेरची किक चुकवलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. आठवडाभर सगळीकडे त्याचंच नाव असतं आणि मजकूर भरपूर मिळतो. तरी लेख करू नका. त्याच्या नावाचं पान म्हणजे त्या चुकीचं पान होईल आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीला जाताना ते सगळ्यात आधी दिसेल. सामन्याच्या लेखात एक वाक्य पुरे. जिवंत माणसाबद्दल लिहिताना हात आखडता घ्यावा, हा विकिपीडियाचाही दंडक आहे.

आज आणि दोन वर्षांनी

2017 सालचा जो बरो ओहायो स्टेटचा राखीव क्वार्टरबॅक होता. शाळेत असताना राज्यातला सर्वोत्तम ठरलेला, पण कॉलेजात बाकावर. दोन वर्षांनी, 2019 साली, एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) 60 टचडाउन पास (ज्यांवर चेंडू गोलरेषेपलीकडे जाऊन गुण मिळतात), पंधरापैकी पंधरा सामने जिंकलेला संघ आणि हाइझमन. 2017 मध्ये कोणी त्याचा लेख लिहायला घेतला असता, तर ‘जरा थांबा’ हेच उत्तर बरोबर होतं. बाकावरचे असे शेकडो असतात आणि त्यांतला बरो कोण, हे आधी कळत नाही.

शाळेतून येणाऱ्या पंचतारांकित (भरती-संकेतस्थळांनी पाच तारे दिलेल्या) खेळाडूंबाबत तर मी जास्तच कडक आहे. भरती-संकेतस्थळं त्यांच्यावर भरपूर लिहितात, पण उंची, वजन, कोणत्या विद्यापीठांनी बोलावलं आणि भाकितं याच्या पुढे ते क्वचित जातं. 1 जुलै 2021 पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, तेव्हापासून तर मजकूर बातमी आहे की पैसे देऊन केलेली वाहवा, हेही ताडून बघावं लागतं.

कोणता मजकूर किती वजनाचा

विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचं प्रसिद्धिपत्रक जन्मगावासाठी ठीक, पण ते घरचंच कौतुक. विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र त्याच विद्यापीठाचं असल्याने ते कितपत स्वतंत्र यावर वाद असतो, मी त्यावर भिस्त ठेवत नाही. सामन्याच्या बातमीतला ‘अमुकने दोन टचडाउन केले’ हा उल्लेख जमेत धरू नका. गावच्या दैनिकातला अर्ध्या पानाचा परिचय मात्र सोन्यासारखा, गाव कितीही लहान असो.

कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांमधले जुने खेळाडू शोधताना न्यूयॉर्कच्या मोठ्या दैनिकांत काही दिसलं नाही म्हणून पान मिटू नका. वर्णभेदाच्या काळात त्यांची बातमी पिट्सबर्ग कुरिअर आणि शिकागो डिफेंडर यांसारख्या कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांत येत असे. कुरिअर तर स्वतःचे ऑल-अमेरिका संघही निवडत असे. जिथे छापून आलं तिथे शोधलं नाही, तर ‘संदर्भ नाहीत’ हा निष्कर्ष काढायचा हक्क आपल्याला नाही.

लेख नाही, मग कुठे?

अपात्र ठरलेल्याला संघाच्या त्या हंगामाच्या लेखात दोन ओळी द्यायच्या आणि त्याचं नाव शोधणाऱ्याला पुनर्निर्देशनाने तिकडे वळवायचं, ही पूर्वीची सोपी सोय. हल्ली खेळाडू तीन वर्षांत तीन विद्यापीठं बदलतात, त्यामुळे वळवायचं कुठे हाच प्रश्न होतो. जिथे तो सर्वाधिक गाजला तो हंगाम मी निवडतो, आणि बाकीच्या संघांच्या लेखांत दुवा देतो.

मराठी विकिपीडियावर लिहिणार असाल तर इंग्रजीत लेख आहे एवढ्यावर भाषांतर सुरू करू नका. 2022 च्या आधीचे कित्येक एक-ओळी लेख तिथे अजून आहेत. त्यांचे संदर्भ उघडून बघा, कोष्टकंच निघाली तर सोडून द्या. मी आपला क्रम सांगतो: आधी नॉर्थिंग्टन, मग बर्वँगर, मग रीगल्स. हाइझमन ट्रॉफीचा लेख त्याआधी नीट करा, नाहीतर प्रत्येक चरित्रात तो चषक म्हणजे काय हे पुन्हा समजावत बसाल. पंचतारांकित मुलाचा मजकूर राहू द्या धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या कच्च्या मसुद्याच्या पानावर), आणि दोन हंगाम झाले की उघडून बघा.