एमआरआयचं कॉन्ट्रास्ट : लिनिअर की मॅक्रोसायक्लिक?

चिठ्ठीवर 'एमआरआय ब्रेन, प्लेन + कॉन्ट्रास्ट' असं लिहिलेलं दिसलं आणि आईने लगेच विचारलं, "ती सुई घ्यायलाच हवी का गं?" सुई म्हणजे कॉन्ट्रास्ट, चित्रात दोष ठळक दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध. मेंदूतल्या गाठीची शंका होती, त्यामुळे घ्यायला हवीच होती. गुडघ्याचं लिगामेंट किंवा मणक्याची सरकलेली गादी बघायची असती, तर बहुतेक वेळा साधा एमआरआय पुरतो. गाठ, जंतुसंसर्ग, एमएसचे (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) नवे डाग यांत मात्र कॉन्ट्रास्टशिवाय नेमकं तेच निसटू शकतं. आपण विचारायचं ते हे, की सुई कोणती देणार?

या सगळ्या औषधांत गॅडोलिनियम हा धातू असतो. सुटा झाला तर तो विषारी, म्हणून त्याला दुसऱ्या रेणूत जखडून ठेवतात. लिनिअर प्रकारात हा रेणू दोरीसारखा धातूभोवती गुंडाळलेला असतो, टोकं मोकळी. मॅक्रोसायक्लिकमध्ये बंद कडं असतं आणि धातू त्याच्या आत. दोरी सैल पडू शकते, कडं सहसा सोडत नाही. गॅडोडायामाइड, गॅडोपेन्टेटेट ही लिनिअर. गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरिडॉल ही मॅक्रोसायक्लिक.

हा फरक सर्वांत जास्त भोगला तो किडनीच्या रुग्णांनी. कातडी जाड, लाकडासारखी कडक होणं, सांधे आखडणं, काहींचा त्यात मृत्यू. नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस नावाच्या या आजाराचा गॅडोलिनियमशी संबंध 2006 मध्ये उघड झाला, आणि बहुतेक रुग्णांना लिनिअर औषध दिलेलं होतं. म्हणून डायलिसिस चालू असेल किंवा ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा रक्ततपासणीतून काढलेला आकडा) 30 च्या खाली असेल, तर मॅक्रोसायक्लिकचाच आग्रह धरा. इथे मी जराही तडजोड करणार नाही.

किडनी ठणठणीत असली तरी प्रश्न पूर्ण मिटत नाही. वारंवार कॉन्ट्रास्ट घेतलेल्यांच्या मेंदूत गॅडोलिनियम थोडं साठतं, हे 2014 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. लिनिअरचं जास्त साठतं, मॅक्रोसायक्लिकचं बरंच कमी. त्या साठ्याने मेंदूला इजा होते असं सिद्ध झालेलं नाही. तरीही युरोपने 2017 मध्ये शिरेतून द्यायची बरीच लिनिअर औषधं थांबवली. अमेरिकेने ती चालू ठेवून इशारा छापायला लावला. मला युरोपचं पटतं, कारण हाताशी दुसरा पर्याय आहे.

यकृताचं मात्र वेगळं. गॅडोक्झेटेट लिनिअर आहे, पण यकृताच्या पेशी ते शोषून घेतात, त्यामुळे बारीक गाठीही उठून दिसतात. युरोपनेही ते यकृतासाठी ठेवलं आहे. डॉक्टरांनी तेच सुचवलं तर नाव ऐकून घाबरू नका.

ॲलर्जीच्या बाबतीत मॅक्रोसायक्लिक वरचढ म्हणता येत नाही. तीव्र ॲलर्जी दोन्हींत दुर्मीळ, पण आधी कधी त्रास झाला असेल तर सांगायलाच हवं. गरोदरपणात अगदी अटळ असेल तरच कॉन्ट्रास्ट. अंगावर पाजणाऱ्या आईने दूध थांबवायची सहसा गरज नसते, दुधात उतरतं ते अत्यल्प.

सेंटरवर आईचा क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट दाखवला आणि बाटलीवरचं नाव वाचू द्या म्हटलं. टेक्निशियनने बाटली हातातच दिली : गॅडोटेरेट. 55 किलो वजनाला 11 मिली. "दंडापर्यंत गार गार गेलं," एवढंच आई म्हणाली. सहा महिन्यांनी तिचा पुन्हा एमआरआय आहे. औषधाचं नाव, डोस आणि तारीख मी तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवली आहे.