साधं की ९५? क्लासिक ३५० आणि आर१५ मध्ये वर्षभर घालून पाहिलं

रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० मध्ये ९५ ऑक्टेनचं पेट्रोल घालून खिशाला चाट बसली, बाकी काही झालं नाही. यामाहाच्या आर१५ मध्ये घाटात किंचित फरक जाणवला, पण त्यासाठी दर लिटरला सात-आठ रुपये जादा मोजावेत इतका नाही. एवढंच हवं असेल त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण गोव्यात या प्रश्नाला खास इथले असे काही फाटे आहेत.

गाड्या दोन. माझी क्लासिक ३५०, नव्या जे सीरिज इंजिनची, ३४९ सीसी, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ९.५:१. दुसरी पुतण्याची आर१५ व्हर्जन ३, १५५ सीसी, लिक्विड कूल्ड, कॉम्प्रेशन ११.६:१, बीएस-४ च्या, म्हणजे २०२० आधीच्या प्रदूषण नियमांच्या काळातली. मी रोज फोंड्याहून पणजीला जातो, म्हणजे म्हार्दोळ, कुंडई, बाणस्तारीचा पूल आणि पुढे जुन्या गोव्यापर्यंत पुढच्याच्या टेल लाइटकडे बघत बसणं. पुतण्या आठवडाभर फर्मागुढीच्या चढावर आणि सुट्टीच्या दिवशी चोर्ला घाटात. पेट्रोल शक्यतो एकाच पंपावर. काही टाक्या साधं, मग काही टाक्या ९५, मग परत साधं. हिशेब नेहमी फुल टू फुल, म्हणजे टाकी काठोकाठ भरायची आणि पुढच्या वेळी परत काठोकाठ भरायला किती लागलं ते बघायचं. 'काटा इतका होता, तेवढा उतरला' असल्या हिशेबाला अर्थ नाही.

क्लासिकचं ॲव्हरेज साध्यावर ३४ ते ३७ आणि ९५ वर ३४ ते ३७. बाणस्तारीला किती वेळ अडकलो, यावर ते जास्त ठरतं. पिकअप तोच, आवाज तोच, चौकातून उठणंही तसंच. खरं तर हिशेब आधीच करता येतो. साधं तेव्हा ९६-९७ रुपये आणि वरचं सात-आठ रुपयांनी महाग, म्हणजे पैसे वसूल व्हायला ॲव्हरेज किमान सात टक्क्यांनी वाढायला हवं, ३६ चं साडेअडतीस व्हायला हवं. तेरा लिटरच्या टाकीमागे शंभर रुपयांच्या आसपास जातात, आणि परत काहीच येत नाही.

का येत नाही? ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरून ही मोजपट्टी केली आहे. ९५ म्हणजे ९५ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेन यांचं मिश्रण दाबाखाली जितकं टिकतं, तितकं हे पेट्रोल टिकतं. प्लगची ठिणगी पडली की ज्वाला एका बाजूने पसरत जाते. तोवर पलीकडच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि ज्वाला पोचण्याआधीच आपणहून पेटलं तर नॉकिंग. पत्र्याच्या डब्यात चणे हलवल्यासारखा आवाज येतो तो हाच. कॉम्प्रेशन जास्त, हवा गरम, इंजिनावर लोड जास्त, आत कार्बन साठलेला, की शक्यता वाढते. साडेनऊ कॉम्प्रेशनच्या संथ इंजिनात ती मुळातच कमी. जे होतच नव्हतं ते थांबवायला जादा पैसे कशाला?

'पण ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ॲडजस्ट करतं ना?' असं पंपावर भेटणारे जाणकार विचारतात. मोठ्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो, तो ऐकून ठिणगीचं टायमिंग पुढे-मागे करतो. आपल्या या वर्गातल्या बहुतेक बाइकांना तो नसतोच. इंजिन ठरलेल्या टायमिंगवर चालतं, टाकीत काय ओतलंय याचा त्याला पत्ता नसतो. परदेशी व्हिडिओ पाहून घाबरणाऱ्यांसाठी आणखी एक. अमेरिकेत पंपावर लिहिलेला ८७ हा वेगळ्या पद्धतीचा आकडा आहे, दोन चाचण्यांची सरासरी. आपल्या पद्धतीने तो ९१-९२ च्या घरात येतो. मॅन्युअलात आकडा वाचताना त्यापुढे आरओएन (आपल्या पद्धतीचा ऑक्टेन आकडा) लिहिलंय का, तेवढं बघा.

आर१५ कडे येतो. तिचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून माझी खरी अपेक्षा तिच्याकडूनच होती. गावात फिरताना फरक शून्य. पुतण्याला पटेना, म्हणून त्याला न सांगता एकदा साधं भरून गाडी हातात दिली. संध्याकाळी येऊन म्हणाला, "काका, ९५ वर काय स्मूद चालते बघा!" मी पावती दाखवली. त्यानंतर घरात या विषयावर त्याची मतं जरा सौम्य झाली.

घाटात मात्र थोडं वेगळं आहे. मे महिन्यातली दुपार, मागे मित्र बसलेला, पायथ्याचं केरी सोडून चढ सुरू झाला की सहाव्या गिअरमध्येच थ्रॉटल पिळायची पुतण्याला सवय. अशा वेळी साध्यावर बारीक टिकटिक ऐकू यायची, ९५ वर ती कमी व्हायची. हे मी स्वतः मागे बसून ऐकलं आहे. पण हाच चढ साध्यावर चौथ्या गिअरमध्ये, आरपीएम वर ठेवून घेतला, तर टिकटिक साफ गायब. गिअर खाली टाकल्याने जो फरक पडला त्याच्या पासंगालाही ९५ पुरलं नाही. आमचा मेकॅनिक त्याला म्हणाला होता, "चढावर सहाव्यात ओढलीस तर देवाचं पेट्रोल घातलंस तरी वाजणारच." पुढे सर्व्हिसिंगला मेकॅनिकने थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ केली आणि प्लग कंपनीने सांगितलेल्या नंबरचा बसवला (आधी कोणीतरी भलत्याच हीट रेंजचा घातला होता). तेव्हा उरलीसुरली टिकटिकही गेली.

आणि आता इथेनॉल. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा साध्या पेट्रोलला किमान ९१ आरओएन बंधनकारक होता. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर ई२० चा आकडा ९५ धरलेला आहे. म्हणजे ज्या ९५ साठी आपण पैसे मोजत होतो ते आता जवळजवळ साध्या नोझलमधूनच येतं. वरच्या पेट्रोलमध्ये उरतं ते मुख्यतः इंजिन स्वच्छ ठेवणारं ॲडिटिव्ह. ते वाईट नाही, पण वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला कार्बन काढून घेतला तर मला ते स्वस्त पडतं.

ऑक्टेन वाढला तरी ॲव्हरेज मात्र घटतं, आणि यात विरोधाभास काही नाही. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली होती. आर१५ ला आम्हाला तेवढी दिसली, क्लासिकला ती ट्रॅफिकमध्येच हरवून गेली. एप्रिल २०२३ च्या आधीची, ई२० साठी न बनवलेली गाडी असेल तर ऑक्टेनपेक्षा पेट्रोलच्या रबरी नळ्यांकडे लक्ष द्या. आर१५ ची एक नळी टोकाला फुगून मऊ पडली होती, ती बदलली.

गोव्यातला खरा शत्रू मात्र पाऊस. टाकीच्या झाकणाभोवती पडलेलं पाणी जायला बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की पाणी तिथेच तुंबतं आणि झाकण उघडलं की आत. जुलैत पुतण्याची गाडी सुरू होऊन बंद पडायला लागली. टाकी सोडवून पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं आणि बाल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) कट्ट्यावर ठेवलं. थोड्या वेळात दोन थर दिसले: वर पिवळसर पेट्रोल, तळाला बोटभर गढूळ थर. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळी होऊन तळाशी बसतात. पंप नेमकं तळातूनच ओढतो. शिवाय वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेनही उतरतो. म्हणजे ९५ चे पैसे मोजा नाहीतर १०० चे, झाकणाखालच्या त्या भोकात तार फिरवली नसेल तर सगळं पाण्यात. आता पावसाळाभर टाकी शक्यतो भरलेली आणि गाडी छपराखाली असते.

पंप निवडताना मी गर्दीचा निवडतो. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास काढून टाकला आणि लिटरमागे अकराएक रुपये उतरले, तेव्हापासून बांदा-सावंतवाडीचे लोक टाकी भरायला हद्दीवरच्या पत्रादेवीकडे वळू लागले. नंतर कर परत वाढला, तरी महाराष्ट्रापेक्षा दर अजून कमीच आहे. अशा पंपावर पेट्रोल साठून राहत नाही. आतल्या गावातल्या पंपावर साधं रोज खपतं, पण वरच्या नोझलला हात लावणारं गिऱ्हाईक क्वचितच. जादा पैसे देऊन शिळं पेट्रोल घेण्याची तिथे पूर्ण सोय असते. पर्यटक मात्र भाड्याच्या ॲक्टिवात 'पॉवरच घाला' (म्हणजे वरचं पेट्रोल) म्हणून अडून बसतात. पंपावरची पोरं हसून घालतात.

उरलं १०० ऑक्टेन. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी१०० आणलं तेव्हा पहिल्या शहरांत पुणं होतं. पुतण्या पुण्याहून आंबोलीमार्गे येताना एकदा टाकी भरून आला. लिटरला १६० च्या घरात. घाटात सहाव्या गिअरमध्येही आवाज नाही, हे त्याने मुद्दाम मला मागे बसवून दाखवलं आणि ते खरं होतं. मी म्हटलं, घाल मग नेहमी. अकरा लिटरच्या टाकीला सहा-सातशे रुपये जादा जातात हा हिशेब त्याने तिथल्या तिथे केला, आणि परत कधी भरलं नाही. त्या एका टाकीचे पैसे त्याने माझ्याकडून घेतले होते.